खाजकुइरी, अंबाडी आणि ‘हेंप’चा गोंधळ
नागझिऱ्यासारख्या पानझडी जंगलात हिवाळ्यात वेलीवर तपकिरी, मखमली शेंगा दिसल्या तर हात लावू नका. ती खाजकुइरी. अंगाची आग करते म्हणून अनेकजण तिला ‘नेटल’ समजतात, पण ती वाल-घेवड्याच्या कुळातली. शेंगेवरचे केस अंगाला लागले तर चोळू नका. चिकटपट्टीने उचला, मग धुवा.

‘हेंप’चा घोळ जास्त महागात पडेल. अंबाडी म्हणजे डेक्कन हेंप, ताग म्हणजे सन हेंप. दोन्ही वाखाची पिकं, गांजाशी नातं शून्य. अंबाडी तर भेंडीची भाऊबंद. गांजाची विनापरवाना लागवड मात्र १९८५च्या कायद्याने गुन्हा आहे. फोटोत अंबाडीचं पंजासारखं पान गांजाचंच वाटतं. म्हणून फूल बघा: अंबाडीचं मोठं, फिकट पिवळं, मध्ये गडद लाल; गांजाचं बारीक, हिरवट. विदर्भात भाजीला लागणारं ते आंबट पान अंबाडीचंच.