पुण्याहून मुंबईला : एका सभेची हलवाहलव

काही वर्षांपूर्वी एका साहित्य संमेलनाच्या निवास समितीत मी होतो. आदल्या रात्री अवकाळी पाऊस कोसळला, मैदानात घोटाभर पाणी साचले आणि उद्घाटन सकाळी दहाला. मांडव तसाच सोडून आम्ही सतरंज्या, माईक आणि चहाची पातेली टेम्पोत घालून शाळेच्या सभागृहात गेलो. पुढे संमेलनाचा वृत्तांत छापून आला. त्यात अध्यक्षीय भाषण पूर्ण होते, ठराव होते आणि त्या रात्रीसाठी पाच शब्द होते : ‘पावसामुळे स्थळात बदल करण्यात आला.’ तेव्हापासून जुने अहवाल वाचताना माझी नजर अशा वाक्यांवर अडते.

त्यांतले सर्वांत वजनदार वाक्य मला राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अहवालात भेटले. हे अधिवेशन २८ ते ३० डिसेंबर १८८५ या दिवसांत मुंबईत भरले, हे शाळेतली मुलेही सांगतात. ते पुण्यात भरायचे होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पुण्यात पटकीची लागण झाली म्हणून जागा बदलली, एवढ्यावर विषय संपतो. मला तो तिथे सुरू होतो असे वाटते.

बेत काय होता ते आधी पाहू. १८८५च्या वसंतात निघालेल्या परिपत्रकानुसार परिषद २५ ते ३१ डिसेंबरला पुण्यात भरणार होती. यजमान पुण्याची सार्वजनिक सभा. जागा पर्वतीजवळची पेशव्यांची बाग, म्हणजे हिराबाग. तिथे बैठकीला प्रशस्त दिवाणखाना होता आणि प्रतिनिधींच्या मुक्कामाची सोयही त्याच आवारात व्हायची होती. प्रतिनिधींनी पुण्यापर्यंतचा प्रवासखर्च आपला आपण करायचा. मात्र पुणे स्टेशनात पाऊल ठेवल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत वाहन, बिऱ्हाड, जेवण सारे यजमानांकडे. ज्यांना ऐपत असेल त्यांनी स्वागत निधीला हातभार लावावा आणि काही उरले तर ते पुढच्या वर्षीच्या निधीत टाकावे, इथपर्यंत विचार झालेला होता. निवास समितीत काम केलेल्या माणसाला हे परिपत्रक वाचून हेवा वाटतो.

यात एक गोष्ट मुद्दाम सांगितलेली आहे. सर्वांनी आठवडाभर एकाच ठिकाणी राहावे, याला परिपत्रक फार महत्त्व देते. मद्रासचा वकील आणि लाहोरचा संपादक एरवी एकमेकांना कुठे भेटणार? देशासाठी झटणाऱ्या माणसांची परस्परांशी ओळख व्हावी, हा परिषदेचा पहिला हेतूच होता. ठराव कचेरीत बसूनही लिहिता येतात. ओळख व्हायला एक छप्पर लागते.

आणि पटकी नेमकी त्या छपरावरच आली. एक आवार, एक पाणी, मुदपाकखान्यातून सर्वांना जाणारे अन्न : बेतातले जे उत्तम तेच रोगाला सोयीचे. रॉबर्ट कॉख याने पटकीचा जंतू कलकत्त्याच्या तळ्यात दाखवला त्याला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, आणि सरकारी वैद्यक खात्याला तो पटलाही नव्हता. पण पाहुणे आजारी पडले तर काय होईल, हे कळायला जंतूची गरज नव्हती. अहवाल सांगतो त्याप्रमाणे पुण्यात रोगी थोडेच आढळले होते, साथ म्हणावी अशी अजून नव्हती. तरीही अवघ्या काही दिवसांवर आलेली सभा हलवली. हा निर्णय मला धाडसाचा वाटतो. साथ न येता तर पुणेकरांनीच यजमानांना भित्रे म्हटले असते.

आता रेल्वेचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. कलकत्त्याहून जबलपूरमार्गे येणारी वाट १८७० साली पुरी झाली होती. त्या गाडीने येणाऱ्याला पुण्यासाठी कल्याणला वळावे लागे. आता न वळता सरळ मुंबई. बदल सोपा. मद्रासकडची वाट मात्र रायचूर, सोलापूर, पुणे अशी होती. त्या इलाख्यातून एकवीस प्रतिनिधी आले. ज्या स्टेशनापासून त्यांचे आतिथ्य सुरू व्हायचे, तिथे न उतरता बोरघाट उतरून त्यांना पुढे जायचे होते. सगळ्यांना पत्रे लिहून उत्तरे मागवण्याइतका अवधी नव्हता; उरली ती तार.

मुंबईची बाजू बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशनने सांभाळली. ही संस्था जानेवारी १८८५मध्ये स्थापन झालेली, म्हणजे वर्षाचीही नव्हती. गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालय आणि त्याचे वसतिगृह, गोवालिया तळ्यावरची ती सारी इमारत, तिच्या चालकांनी मोकळी करून दिली. २७ तारखेच्या सकाळी सगळे तयार होते. या निवडीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मुंबईत बैठकीपुरती दालने हवी तेवढी होती. घेतली ती अशी जागा की सभागृहाला लागून राहायच्या खोल्या आहेत. गाव बदलले, तारखा बदलल्या, सात दिवसांचे तीन झाले. एकत्र राहणे मात्र सोडले नाही. काय टाकायचे आणि काय धरून ठेवायचे हे ज्याला घाईत कळते तोच खरा व्यवस्थापक.

बहात्तर प्रतिनिधी जमले, व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले, नऊ ठराव झाले. पुण्याचे सीताराम हरी चिपळूणकर आले होते (विष्णुशास्त्री नव्हेत, ते १८८२तच गेले). न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकर म्हणून प्रतिनिधी न होता हजर राहिले. यजमान होऊ घातलेले पुणेकर मुंबईत पाहुणे झाले. तेजपालच्या चालकांची नावे, पातेली घासणाऱ्यांची नावे, प्रतिनिधींच्या यादीच्या आसपासही नाहीत.

जागा बदलण्याचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण १९०७चे. नागपूरच्या स्वागत मंडळात जहाल-मवाळांचे जमेना, म्हणून अधिवेशन सुरतेला नेले. तिथे रोग नव्हता, डाव होता, आणि टिळकपक्षाला तो कळला होता. व्यासपीठावर जोडा आला आणि सभा मोडली. एका मांडवात राहण्याची इच्छाच उरलेली नसली तर मांडव कुठेही घाला.

पुण्याला आपली पाळी मिळायला दहा वर्षे लागली. १८९५चे अकरावे अधिवेशन तिथे झाले. तेव्हाही जागेचा वाद निघालाच : राष्ट्रीय सभेच्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही यावरून शहर दुभंगले आणि शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ बॅनर्जी. १८८५च्या डिसेंबरात ते मुंबईला आले नव्हते. त्याच आठवड्यात कलकत्त्यात ते आपली स्वतःची राष्ट्रीय परिषद भरवण्यात गुंतले होते.