ऑक्सिजन संवेदक (मोटारवाहन)

ऑक्सिजन संवेदक किंवा लॅम्डा संवेदक हा मोटारीच्या एक्झॉस्टमध्ये बसवलेला विद्युत-रासायनिक घटक होय. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंत किती ऑक्सिजन शिल्लक आहे, हे तो दर्शवतो. त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल व हवेचे मिश्रण सतत दुरुस्त करत असतो. संवेदक इंधन मोजत नाही, केवळ ऑक्सिजन ओळखतो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे जुन्या गाड्यांत अनेकदा चांगला संवेदक विनाकारण बदलला जातो.

इतिहास

जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेला हा संवेदक १९७६ मध्ये प्रथम व्होल्वो मोटारींत वापरला गेला. प्रदूषक वायू घटवणारा तीन-मार्गी उत्प्रेरक परिवर्तक मिश्रण संतुलित असतानाच नीट काम करतो. त्यामुळे संवेदकाचा प्रसार झाला. पेट्रोलमधील शिसे परिवर्तक व संवेदक या दोहोंना घातक असते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले.

कार्य

१ किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. जुन्या गाड्यांतील संवेदक बहुधा झिर्कोनियाचा असतो. त्याच्या एका बाजूस एक्झॉस्ट वायू व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. दोहोंतील ऑक्सिजनच्या तफावतीमुळे विद्युतदाब निर्माण होतो. पेट्रोल जास्त, म्हणजे मिश्रण ‘रिच’ असल्यास तो सुमारे ०.९ व्होल्ट, तर हवा जास्त, म्हणजे ‘लीन’ असल्यास सुमारे ०.१ व्होल्ट असतो. यासाठी संवेदक सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. म्हणून नंतरच्या संवेदकांत हीटर बसवण्यात आला.

लक्षणे

रिच मिश्रणामुळे काळा धूर, पेट्रोलचा वास, स्पार्क प्लगवर काजळी आणि इंधनाच्या खपात वाढ ही लक्षणे दिसतात. लीन मिश्रणामुळे गाडी झटके देते, इंजिन जागेवर स्थिर फिरत नाही व चढावर ताकद कमी पडते.

निदान

इंजिन गरम करून ते मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर ठेवल्यास डिजिटल व्होल्टमीटरवर संकेत ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवा. तो एकाच बाजूस स्थिर राहिल्यास संवेदक बिघडला असे लगेच ठरवता येत नाही. इनटेकमध्ये थोडा प्रोपेन वायू सोडल्यावर दाब चटकन वाढला आणि व्हॅक्यूम नळी क्षणभर काढल्यावर तो चटकन उतरला, तर संवेदक शाबूत असून दोष मिश्रणात आहे.

ओबीडी-२ प्रणालीच्या गाड्यांत पी०१७१ हा संकेतांक लीन व पी०१७२ हा रिच मिश्रण दर्शवतो. हे संकेतांक संवेदकाच्या बिघाडाचे नव्हेत. संगणकाने इंधनात केलेली दुरुस्ती जागेवरच्या वेगात मोठी व वाढत्या वेगात कमी होत असेल, तर व्हॅक्यूम गळतीचा संशय घ्यावा. भार वाढताच ती वाढत असेल, तर इंधन पंप किंवा फिल्टर तपासावा. रिच मिश्रणामागे गळका इंजेक्टर, फाटलेल्या पडद्याचा दाबनियंत्रक किंवा इंजिन थंडच असल्याचे दाखवणारा तापमान संवेदक असू शकतो.

दोन कारणांनी संकेत फसवा ठरतो. संवेदकाच्या अलीकडे एक्झॉस्टला चीर असल्यास बाहेरची हवा आत शिरते. ठिणगी चुकल्यास न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. दोन्ही वेळी संकेत लीन येतो आणि संगणक आणखी पेट्रोल सोडतो. ठिणगी चुकत राहिल्यास न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जळून तो अतितप्त होतो व कायमचा निकामी होऊ शकतो. त्यामुळे प्लग, कॉइल व एक्झॉस्टचे जोड आधी तपासणे आवश्यक ठरते.

संवेदक बदलणे

संकेत मंद झाल्यास, हीटर जळल्यास किंवा टोकावर इंजिन ऑइल, कूलंट वा सिलिकॉनचा थर बसल्यास संवेदक बदलावा लागतो. मात्र हा थर कशामुळे बसला ते न शोधल्यास नवा संवेदकही लवकर खराब होतो.