फादर रिचींचा स्मरणवाडा

इ. स. १५९६ मध्ये चीनमधील नानचांग शहरी येशूसंघीय धर्मगुरू फादर मत्तेओ रिची यांनी चिनी भाषेत एक छोटेखानी पुस्तक लिहिले. विषय धर्माचा नव्हता, स्मरणशक्तीचा होता. प्रांताचे राज्यपाल लू वानगाय यांचे तीन पुत्र सरकारी परीक्षांची तयारी करीत होते आणि त्या परीक्षांसाठी ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत करावे लागत. इकडे फादर रिची तर चारपाचशे सुटी चिनी अक्षरे एकदा वाचून ती उलटसुलट म्हणून दाखवीत!

त्यांची पद्धत प्राचीन ग्रीक व रोमन वक्त्यांची होती. मनात एक वाडा उभारायचा आणि लक्षात ठेवायच्या प्रत्येक गोष्टीचे चित्र करून ते ठरलेल्या जागी ठेवायचे. पुढे मनानेच वाड्यातून फिरले की चित्रे क्रमाने भेटत जातात. ‘वू’ म्हणजे युद्ध, या अक्षराचे दोन भाग आहेत: एक शस्त्राचा, दुसरा थांबण्याचा. म्हणून रिचींनी दिवाणखान्याच्या आग्नेय कोपऱ्यात दोन योद्धे उभे केले. एक शस्त्र उगारतो आहे, दुसरा त्याचे मनगट धरून त्याला थांबवतो आहे.

राज्यपालांच्या थोरल्या मुलाने पुस्तक मन लावून वाचले. त्याचा अभिप्राय रिचींनीच प्रांजळपणे कळवला आहे: नियम खरे आहेत, पण ते वापरायला मुळातच उत्तम स्मरणशक्ती हवी! धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे घोकून दमलेल्या आम्हांला हा मुलगा अगदी जवळचा वाटतो.

तरीही त्याचे म्हणणे बरोबर नव्हते. २००३ साली लंडनच्या संशोधकांनी दहा स्मरणपटू तपासले. त्यांची बुद्धी किंवा मेंदूची घडण इतरांहून वेगळी आढळली नाही. मात्र पाठांतर करताना जागा व वाटा ध्यानात ठेवणारे मेंदूचे भाग ते कामाला लावीत होते, आणि दहांपैकी नऊ जण हीच वाड्याची युक्ती वापरत होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामान्य माणसांनी चाळीस दिवस रोज अर्धा तास हा सराव केला. ७२ शब्दांपैकी सरासरी २६ शब्द आठवणारे ६२ शब्दांपर्यंत पोहोचले.

शिकण्याची कुवत जन्मावर ठरत नाही, हे रिचींना चीनला जाण्यापूर्वीच पटले असावे. त्याचा पुरावा आपल्या गोव्यात आहे. १५७८ मध्ये ते गोव्यात उतरले. १५८० मध्ये कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या सुमारास भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवू नये, असे धोरण गोव्यात आले होते. शिकून ते गर्विष्ठ होतील आणि गरीब धर्मग्रामांत सेवा करणार नाहीत, ही सबब. युरोपीय विद्यार्थ्यांविषयी अशी भीती कोणाला वाटली नाही, ही बाब आम्हांला आजही बोचते.

रिची तेव्हा २९ वर्षांचे होते, नुकतेच धर्मगुरू झालेले. नोव्हेंबर १५८१ मध्ये त्यांनी थेट रोमला, येशूसंघाचे महाप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांना पत्र लिहून या धोरणाला विरोध केला. पुढच्याच वर्षी ते गोवा सोडून मकावकडे निघाले.