पेट्रोलचा वास, टाकी भरल्यावर अडणारी गाडी: ‘इव्हॅप’ यंत्रणेतला बिघाड कसा ओळखायचा?

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने थोडे कमी तापते. पण दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पेट्रोलची वाफ दोन्हीकडे होतच राहते. ही वाफ हवेत न सोडता साठवायची आणि नंतर इंजिनात जाळायची, हे काम पेट्रोल गाडीतली एक छोटी यंत्रणा करते. तिला थोडक्यात ‘इव्हॅप’ म्हणतात. ती बिघडली की पेट्रोलचा वास येतो, टाकी भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते किंवा ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. कधी यांतले काहीच दिसत नाही आणि वाफ मात्र निसटत राहते.

यंत्रणेत काय काय असते?

टाकीतली वाफ एका नळीने कॅनिस्टरमध्ये जाते. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाचे दाणे भरलेला प्लास्टिकचा डबा. हे दाणे वाफ धरून ठेवतात. कॅनिस्टरची एक वाट बाहेरच्या हवेकडे उघडते, तिला व्हेंट म्हणतात. दुसरी वाट पर्ज व्हॉल्व्हमार्गे इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डकडे जाते.

इंजिन बंद असताना पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो. इंजिन गरम झाले की ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, तो थोडा थोडा उघडतो. मॅनिफोल्डमधल्या ओढीमुळे व्हेंटमधून ताजी हवा आत येते, कोळशातली वाफ सोबत घेते आणि ती वाफ इंजिनात जळते. टाकीचे झाकणही या यंत्रणेचाच भाग आहे. ते हवाबंद बसले नाही तर पुढचे सगळे ठीक असूनही वाफ बाहेर जाते.

डिझेल सहजासहजी वाफ होत नाही, म्हणून डिझेल गाडीला ही यंत्रणा लागत नाही. सीएनजी गाडीत मात्र पेट्रोलची टाकी असते, त्यामुळे कॅनिस्टरही असतो.

दिवा लागला नाही म्हणजे बिघाड नाही, असे नाही

इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकी गाड्यांचे असतात. ‘दिवा लागला की आधी टाकीचे झाकण घट्ट करा’ हा सल्ला तिथूनच आला आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत गाडीने स्वतःच गळती शोधावी असा नियम आहे. आधी सुमारे १ मिलिमीटरच्या आणि पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राइतकी गळतीही ओळखावी लागू लागली.

भारतीय नियम युरोपीय नियमांवर बेतलेले आहेत. नवी गाडी मंजूर करताना बंद खोलीत ठेवून तिच्यातून निसटणारी वाफ मोजतात आणि ती एका चाचणीत २ ग्रॅमच्या आत असावी लागते. पण गाडी रस्त्यावर आल्यानंतर ईसीयूने पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीवर लक्ष ठेवावे, एवढीच किमान अट आहे. म्हणजे व्हॉल्व्हची वायर तुटली तर दिवा लागेल. झाकणाचे रबर फाटले किंवा नळीला चीर गेली तर अनेक गाड्यांत दिवा लागणारच नाही.

पीयूसी तपासणीतही हा बिघाड सापडत नाही. तिथे सायलेन्सरच्या नळीतून येणारा धूर मोजतात. टाकीजवळून निसटणारी वाफ त्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आपल्याकडे या बिघाडाचा पहिला पुरावा बहुतेकदा नाकाला मिळतो.

लक्षण काय सांगते?

- पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू होत नाही. अॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारला की घेते: पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असण्याची दाट शक्यता. भरताना तयार झालेली वाफ थेट इंजिनात शिरते.
- पंपावर नोझल वारंवार ‘कट’ होते, टाकी भरायला वेळ लागतो: व्हेंट तुंबलेली किंवा कॅनिस्टर पेट्रोलने भिजलेला.
- झाकण उघडताना हवा जोरात आत ओढली जाते: व्हेंट बंद. उन्हाळ्यात थोडी वाफ ‘फुस्स’ करून बाहेर येणे मात्र सामान्य आहे.
- उन्हात उभ्या गाडीभोवती वास, खाली ओल नाही: झाकण, नळी किंवा कॅनिस्टरमधून गळती.
- गाडीखाली पेट्रोलचे थेंब: हा प्रश्न वाफेचा नाही, इंधनगळतीचा आहे. गाडी सुरू करू नये. ढकलून मोकळ्या जागेत न्यावी आणि मेकॅनिकला तिथेच बोलवावे.

तपासणी: स्वस्तापासून महागापर्यंत

१. झाकण. रबरी रिंगला चिरा आहेत का, रिंग कडक झाली आहे का, झाकण त्याच मॉडेलचे आहे का, हे पाहावे. हरवलेल्या झाकणाच्या जागी बसवलेले ‘चालून जाणारे’ झाकण हे वासाचे नेहमीचे कारण असते.

२. नळ्या. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या, विशेषतः वाकलेल्या जागा आणि क्लिपा, बोटाने चाचपाव्यात. दुसऱ्या कामासाठी काढलेली नळी परत लावायची राहून गेल्याचेही आढळते.

३. पर्ज व्हॉल्व्ह. थंड इंजिन सुरू करून व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढावी आणि उघड्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. इंजिन गरम झाल्यावर मात्र थांबून थांबून ओढ जाणवायला हवी. ती कधीच आली नाही तर व्हॉल्व्ह बंद अडकला आहे किंवा त्याला वीज मिळत नाही. मल्टिमीटरने कॉइलचा रोधही मोजता येतो. बऱ्याच गाड्यांत तो २० ते ३० ओमच्या आसपास असतो, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. मीटर शून्य किंवा अनंत दाखवत असेल तर कॉइल गेली.

४. स्कॅनर. कोडबरोबर ‘फ्युएल ट्रिम’ही पाहावे. व्हॉल्व्ह उघडा अडकून कॅनिस्टर रिकामा असेल तर जास्तीची हवा आत जाते आणि ट्रिम अधिककडे सरकते. कॅनिस्टर वाफेने भरलेला असेल तर ट्रिम उणेकडे जाते. पर्जची नळी चिमटून बंद केल्यावर आकडे जागेवर आले तर दोष तिथेच आहे.

५. स्मोक टेस्ट. वरच्या चारही पायऱ्यांत काही सापडले नाही तर यंत्रणेत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहतात. इथे दाब साधारण अर्धा पीएसआय ठेवतात, म्हणजे टायरमधल्या हवेच्या साठाव्या भागाइतका. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा थेट टाकीत सोडली तर कॅनिस्टर, नळ्या किंवा टाकी फुटू शकते.

कोडचा अर्थ

‘पी ०४४३’, ‘०४४४’ आणि ‘०४४५’ हे पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीचे कोड आहेत. ‘०४४१’ म्हणजे पर्जचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही. ‘०४४२’, ‘०४५५’ आणि ‘०४५६’ हे गळतीचे कोड गळती शोधण्याची सोय असलेल्या गाड्यांतच येतात. कोड कोणता भाग बदलावा हे सांगत नाही, कुठे बघावे एवढेच सांगतो. ‘०४४३’ आला म्हणून नवा व्हॉल्व्ह बसवला आणि दोष उंदराने कुरतडलेल्या वायरचा निघाला, तर पैसे वाया जातात आणि दिवा परत लागतो. म्हणून आधी प्लग आणि वायर, मग व्हॉल्व्ह.

मराठवाड्यातली कारणे

नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या गाडीला उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल लागतो. काही मॉडेल्समध्ये कॅनिस्टर मागे, टाकीजवळ असतो. तिथे व्हेंटचे तोंड मातीने बुजू शकते. शिवाय मातीचे घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीला अशा अरुंद नळ्या सोयीच्या वाटतात. २०११ मध्ये माझदा कंपनीला अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण व्हेंटच्या नळीत कोळी जाळे विणत होते. वाट बंद झाल्याने टाकीत पोकळी तयार होऊन टाकीला चीर जाण्याचा धोका होता.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार करावा लागतो. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी वाफ सोडते, पण थोड्या प्रमाणात मिसळल्यावर मिश्रणाचा वाफदाब वाढू शकतो. जुन्या गाडीतले रबर या मिश्रणासाठी बनवलेले नसेल तर ते लवकर कडक होऊ शकते किंवा फुगू शकते. म्हणून दहा-बारा वर्षांच्या गाडीत झाकणाची रिंग आणि नळ्या दर उन्हाळ्याआधी पाहून घेणे शहाणपणाचे.

टाळता येण्यासारखी चूक

नोझल एकदा आपोआप बंद झाल्यावर ‘पाचशेचा आकडा पूर्ण करा’ म्हणून आणखी पेट्रोल ओतून घेण्याची सवय सर्रास दिसते. टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागा त्यामुळे भरते आणि द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरते. भिजलेला कोळसा वाफ धरू शकत नाही. हा डबा झाकण किंवा व्हॉल्व्हपेक्षा बराच महाग असतो आणि सहसा पूर्णच बदलावा लागतो. पहिल्या ‘कट’ला थांबणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते आणि छोट्या ठिणगीनेही पेटते. त्यामुळे वास येत असेल तर गाडी शटर लावून बंद गाळ्यात ठेवू नये, तिथे दिव्याचे बटणही दाबू नये. वरच्या सगळ्या चाचण्या मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट आणि वेल्डिंगपासून लांबच कराव्यात.