दहा सेकंदांत जागेवर

कोकणातल्या घरांमधले जुने अल्बम चाळताना एक माणूस सारखा निसटतो. मे महिन्यातली पोरं दिसतात, ओसरीवर बसलेली आजी दिसते, मालवणच्या जेटीवर वाऱ्याने उडणारे पदर आणि मागे पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. दिसत नाही तो कॅमेरा ज्याच्या गळ्यात होता तो. त्याने पाहिलेलं सगळं आहे, तो स्वतः नाही.

या गैरहजेरीवर कॅमेऱ्यातच बसवलेला उपाय म्हणजे सेल्फ-टायमर. आज तुमच्या फोनमध्ये तीन किंवा दहा सेकंदांची खूण असते आणि आपण ती क्वचितच वापरतो. पण ही दहा सेकंदं कॅमेऱ्यात आली कुठून, हा प्रश्न विचारला की फोटोग्राफीचा इतिहास जरा वेगळ्या बाजूने दिसायला लागतो.

पहिली गंमत अशी, की सुरुवातीला या उपायाची गरजच नव्हती. १८३९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने घराण्याच्या दुकानामागे कॅमेरा मांडला, लेन्सवरचं झाकण काढलं, समोर जाऊन बसला, आणि काही मिनिटांनी उठून झाकण परत लावलं. तेव्हाच्या पत्र्यावर चित्र उमटायला इतका वेळ लागायचा, की त्यात माणूस सावकाश चालत जाऊन स्वतःच्या फोटोत बसू शकायचा. कॉर्नेलियसच्या त्या फोटोत चेहरा मधोमध नाही, थोडा बाजूला आहे. चौकट बघायला कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतंच.

आपल्याकडे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी दोघंही तिच्याशी जोडलेले होते. लाड कुटुंब मूळचं गोव्यातलं, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या शेजारचंच. त्या काळात काचेवर ओलं रसायन पसरून, ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायला लागायचा. उघडझाप हातानेच, झाकण काढून आणि लावून.

मग रसायनं वेगवान झाली. कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये कोडॅकचा रोलवाला कॅमेरा आला, आणि फोटो काढणं म्हणजे सेकंदाच्या एका तुकड्यापुरतं बटण दाबणं झालं. जगाला याचं कौतुक वाटलं, पण याच वेगाने फोटो काढणाऱ्याला फोटोबाहेर ढकललं. बटणावर बोट हवं आणि बोट ज्याचं तो कॅमेऱ्यामागे.

मधल्या काळात लोकांनी दोरी वापरली. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांचा राणीसोबतचा १८८० च्या सुमाराचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात शटर चालवायची तार त्यांच्या हातात आहे. १९१२ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या कॅप्टन स्कॉटच्या पाच जणांचा फोटोही असाच निघाला. खाली बसलेल्या बोवर्सने दोरी ओढली आणि ती दोरी फोटोत दिसते. त्यांच्याआधी अमुंडसेन तिथे पोचून गेला होता, त्यामुळे पाचही चेहरे खचलेले आहेत. परतीच्या वाटेत पाचही जण गेले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, आणि न धुतलेली फिल्मही. दोरी नसती तर त्या फोटोत चारच माणसं असती.

दोरीची जागा घड्याळाने घेतली. आधी हे घड्याळ सुटं मिळायचं. 'ऑटोक्निप्स' नावाचं जर्मन यंत्र कॅमेऱ्याच्या बटणाशी जोडायचं आणि चावी द्यायची. नंतर तेच घड्याळ शटरच्या आत गेलं. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सभोवती रोमन लिपीतलं 'व्ही' अक्षर आणि त्याशेजारी छोटी लिव्हर दिसते. ते अक्षर जर्मन शब्दाचं, 'फोरलाउफवेर्क', म्हणजे आधी चालणारं यंत्र.

मी दिवसभर कोड लिहितो. 'दहा सेकंद थांब आणि मग हे कर' ही आमच्याकडे एका ओळीची गोष्ट, कारण वेळ मोजायचं काम खाली कुठेतरी क्वार्ट्झचा स्फटिक करत असतो. यांत्रिक सेल्फ-टायमरमध्ये स्फटिकही नाही आणि बॅटरीही नाही. लिव्हर फिरवली की आतली स्प्रिंग ताणली जाते. बटण दाबलं की ती सुटायला बघते, पण तिच्या वाटेत दातेरी चक्रांची माळ असते. माळेच्या टोकाला नांगराच्या आकाराचा इवलासा तुकडा डोलत असतो. तो एकेक दात अडवतो आणि सोडतो, म्हणून स्प्रिंग एकदम सुटू शकत नाही. गजराच्या घड्याळातली युक्ती हीच. आपल्याला ऐकू येणारी 'झर्रर्र' म्हणजे त्या अडवण्या-सोडण्याचा आवाज. आठ-दहा सेकंदांत माळ संपते, शेवटचा खटका शटरला ढकलतो आणि फोटो निघतो.

म्हणजे ज्या वेगाने माणसाला बाहेर काढलं होतं, तो वेग या यंत्राने कमी केला नाही. फोटो अजूनही सेकंदाच्या एका तुकड्यातच निघायचा. फक्त त्याच्याआधी, कॉर्नेलियसला चालत जायला मिळाला तसा थोडा वेळ, घड्याळ लावून परत आणला.

हा वेळ सगळ्यांना परवडणारा नव्हता. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा आपल्याकडच्या मध्यमवर्गाचा आवडता कॅमेरा. रोलवर बारा फोटो, आणि सेल्फ-टायमर नाही. तो सोय असलेल्या महागड्या कॅमेऱ्यांत यायचा, आणि असे कॅमेरे आमच्या किनाऱ्यावर बऱ्याचदा बाहेरून यायचे: मुंबईच्या चाकरमान्यांसोबत, आखातातून, नाहीतर बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या बॅगेतून.

आमचे थोरले काका बोटीवर होते. त्यांच्याकडे यशिका इलेक्ट्रो ३५ होता. कॅमेरा गावात यायचा तो काकांच्या सुट्टीसोबत, मे महिन्यात किंवा गणपतीत. एका रोलवर छत्तीस फोटो, तेही जपून, आणि रोल धुवायला मुंबईला जायचा. फोटो हातात येईपर्यंत काका पुन्हा समुद्रावर गेलेले असायचे.

काका गडग्यावर एक सपाट चिरा बघून कॅमेरा ठेवायचे. वाळूत नाही, कारण वाळूचा एक कण आत गेला तरी ती चक्रं अडतात. सगळ्यांना ओळीत उभं करायचे, लिव्हर फिरवायचे, बटण दाबायचे आणि लुंगी सावरत धावत सुटायचे. ओळीतून ओरडा व्हायचा, "काकांनु, बेगीन येवा!" आणि काका धावताना म्हणायचे, "इलंय रे, इलंय!" हे मी वडिलांकडून इतक्यांदा ऐकलंय, की मला त्यांचा आवाज माहीत असल्यासारखं वाटतं.

अल्बममधले बाकीचे फोटो आणि हे फोटो लगेच वेगळे ओळखू येतात. एरवी कॅमेऱ्यासमोर सगळे ताठ उभे. टायमरच्या फोटोत मात्र कुणी लेन्सकडे बघतच नाही, सगळे धावत आलेल्या माणसाकडे बघून हसतायत. शिवाय प्रत्येक फोटोत ओळीतली एक जागा मुद्दाम सोडलेली असायची, बहुधा आजीच्या शेजारी. तो येईपर्यंत ती रिकामी ठेवायची, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. सेल्फीत फोन धरणारा सर्वांत पुढे आणि सर्वांत मोठा दिसतो. टायमरच्या फोटोत तो बाकीच्यांच्या ओळीत, बाकीच्यांएवढाच.

काका गेले तेव्हा हार घालायला फोटो शोधायची वेळ आली. त्यांनी काढलेले शेकडो फोटो घरात होते. त्यांचे असे ओळखपत्रावरचे दोन, ज्यात ते कुणालाच आपले वाटेनात, आणि टायमरवरचे तीन. त्या तिनांतला एक घेऊन स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला. भिंतीवरच्या त्या फोटोत काकांना अजून धाप लागलेली आहे आणि उजव्या कडेला आत्याचा अर्धा खांदा राहिलाय. तो कापायचा का, असं स्टुडिओवाल्याने विचारलं होतं. आजी नको म्हणाली.

पुढे ती झर्रर्र गेली. १९७६ मध्ये आलेल्या कॅनन एई-१ मध्ये टायमर इलेक्ट्रॉनिक झाला आणि समोर दिवा लुकलुकायला लागला. मग फोन आले, पुढचा कॅमेरा आला, आणि हात लांब करणं सगळ्यांत सोपं ठरलं.

आता माझ्या वयाची बरीच मंडळी जुने फिल्म कॅमेरे शोधतायत. मिळाला तर एवढं करा. आधी शटर ताणा, मगच टायमरची लिव्हर फिरवा. लिव्हर अडली तर जोर लावू नका. समुद्राजवळच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यातलं वंगण गोठलेलं असू शकतं, आणि टायमर मधेच थांबला की शटरही त्याच्यासोबत अडकून बसतं. आधी दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या, रोल नंतर.

आणि कॅमेरा नसला तरी एक काम करता येईल. घरचा अल्बम काढा आणि त्यात कोण दिसत नाही ते बघा. सगळे एकाच बाजूला बघून हसतायत आणि एकाचा शर्ट किंचित हललेला आहे, असा फोटो सापडला तर तो बाहेर काढा. फोटोतलं कुणी हयात असेल तोवर त्यांना विचारून मागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. सुरुवात धावत आलेल्यापासून करा.