तळटीप : कलम ४५ मधली तीन वर्षे

१२. मूळ पाठातली दोन वर्षांची मुदत विमा कायदा, १९३८ च्या जुन्या कलम ४५ मधली आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षे झाली. परीक्षेत हेच उत्तर लिहावे. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची किंवा रायडर जोडल्याची, यांपैकी सर्वांत नंतरच्या तारखेपासून मोजायचे. त्यानंतर कंपनीला आयुर्विम्याच्या पॉलिसीवर फसवणुकीच्या कारणानेही हरकत घेता येत नाही. थकलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली की मोजणीही नव्याने सुरू होते, हे एजंटाने ग्राहकाला आवर्जून सांगायलाच हवे. प्रस्तावपत्र भरताना मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया स्वतः विचारून नोंदवावी. लपवलेल्या आजारावरून पहिल्या तीन वर्षांत दावा नाकारला गेला, तर त्याचा फटका वारसांना बसतो.
—संपादक