ध्वनिमुद्रणाची मुभा : ‘व्हर्जन’पासून रिमिक्सपर्यंत

एकदा ध्वनिमुद्रित झालेले गीत, विहित सूचना व रॉयल्टी देऊन, दुसऱ्यास नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची मुभा भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(जे) मध्ये होती. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि या मुभेच्या आधारे जुन्या चित्रपटगीतांच्या ‘व्हर्जन’ ध्वनिफिती मोठ्या प्रमाणावर निघाल्या. 1994 च्या दुरुस्तीने त्यासाठी दोन वर्षांची प्रतीक्षा सक्तीची केली. तथापि ही मुभा केवळ शब्द व स्वररचनेपुरती होती. मूळ ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलण्याचा अधिकार तीतून कधीच मिळत नव्हता. संगणकावरील रिमिक्सला मात्र हाच तुकडा हवा होता.

2012 च्या दुरुस्तीने ते कलम वगळून 31-सी हे कलम आणले. प्रतीक्षा पाच वर्षांची झाली, रॉयल्टी आगाऊ व वर्षाला किमान 50,000 प्रतींची ठरली आणि तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य नसलेला फेरफार निषिद्ध झाला. विशिष्ट भाषेतील कृतींसाठी किमान मर्यादा कमी करण्याची तरतूद ठेवली असली, तरी एकंदरीत नवनिर्मितीची साधने सुलभ होत असतानाच कायद्याची मुभा आकुंचित होत गेली, असे दिसून येते. मूळ रचनाकारास संरक्षण लाभले. त्याची किंमत अल्पसाधन कलावंतास मोजावी लागते.